बीपी उचलेना

पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन दिलं की पेशंटचं बीपी थोडं पडतंच. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त पायांकडे साचतं. म्हणून भूलतज्ज्ञ सुई हातात घेण्याआधीच मी ट्रेमध्ये एक सिरिंज भरून ठेवते. मेफेंटरमीन, बीपी वर उचलायचं औषध. सिरिंजवर पट्टी चिकटवायची, पट्टीवर नाव आणि प्रमाण लिहायचं. भाईंदरच्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून मला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे औषध लागू न पडलेलं मी पाहिलं नव्हतं. थोडं सोडलं की मिनिटाभरात मॉनिटरवरचा आकडा चढतो आणि सगळे पुन्हा आपापल्या गप्पांना लागतात.

त्या दिवशी आकडा चढला नाही.

पेशंट जवळच्या पाली गावची, साठीची कोळीण. आयुष्यभर डोक्यावर मासळीची पाटी वाहून तिचं अंग बाहेर येत होतं. गर्भपिशवी खालच्या वाटेनेच काढायची होती, पोटावर छेद न घेता. सकाळी वॉर्डात तिला तयार करायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी छापील फॉर्म असतो. कवळी आहे का, दागिने काढले का, शेवटचं कधी खाल्लं, आज कुठली गोळी घेतली का. आम्ही दागिन्यांवरच अडकलो.

"बांगड्या न्हाय काढायची," ती म्हणाली. "नवरा जिता हाय माझा."

"मावशी, सलाइन लावायचंय. काच फुटून हातात घुसली तर?"

"मंग दुसऱ्या हाताला लाव."

"दुसऱ्या हातातही बांगड्याच आहेत की."

"एवढी शिकलेली तू, जागा सापडत न्हाय तुला?" ती हसली. शेवटी म्हणाली, "साबण आण. पण एक पण फोडायची न्हाय, सांगून ठेवते."

साबण लावून एकेक बांगडी काढण्यात पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात थिएटरमधून हाक आली. उरलेल्या प्रश्नांसमोर 'नाही'च्या रकान्यात मी वरून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि सही केली. अशी रेघ मी पहिल्यांदाच ओढत होते असंही नाही.

भूल दिल्यावर वरचं बीपी अठ्ठ्याण्णव झालं. सर, म्हणजे आमचे भूलतज्ज्ञ, तीन-चार हॉस्पिटलं करणारा गुजराती माणूस. त्यांनी मेफेंटरमीन सोडलं. एकशे चार. मग घसरून शहाऐंशी. पुन्हा सोडलं. अठ्ठ्याऐंशी. ऑपरेशन करणाऱ्या आमच्या सर्जन मॅडमचं काम चालू होतं. पेशंट जागीच होती, फक्त कमरेखाली तिला काही कळत नव्हतं.

"बाय," ती म्हणाली, "मला कसातरी होतंय. डोळ्याला अंधार येतो."

मी तिचं तोंड वळवून ट्रे धरला. नुसतं आंबट पाणी आलं.

"फिनाइलएफ्रिन काढा, सिस्टर," सर म्हणाले. "नीट डायल्यूट करून. घाई नको."

बीपी उचलायचं हे दुसरं औषध दोनदा पातळ करावं लागतं. एक पायरी चुकली तर दहापट जातं. मी मोठ्याने आकडे म्हणत भरलं, सरांनी ऐकून मान हलवली. बीपी शहाण्णववर गेलं आणि तीन मिनिटांत अठ्ठ्याहत्तरवर आलं.

तोवर पिशवी बाहेर आली होती. मॅडमने टाके पुन्हा तपासले. "मला कोरडं दिसतंय. पण आत एखादा टाका सुटून वर सरकला असेल तर पोटात रक्त साठतंय, आणि ते मला इथून दिसणार नाही. पोट उघडावं लागेल."

"त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल," सर म्हणाले. "या प्रेशरवर दिली तर अजून पडेल. परत वर येईलच याची गॅरंटी नाही."

"आणि रक्त जात असेल आणि आपण बसून राहिलो तर? नाडी एकशे वीस आहे."

"ती रक्त जातंय म्हणून आहे की मेफेंटरमीनमुळे, तेच तर कळत नाही. त्याने पण नाडी वाढते." मग ते माझ्याकडे वळले. "हिला बीपीची गोळी चालू आहे. तपासणीच्या दिवशी मी हिच्या मुलाला सांगितलेलं, ऑपरेशनच्या दिवशी द्यायची नाही. आज घेतली नाही ना? फॉर्म काय सांगतो?"

फॉर्म माझ्या हातात होता.

"फॉर्म 'नाही' सांगतो," मी म्हणाले. पुढचं वाक्य तोंडातून निघायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. मॉनिटरचे दोन-तीन ठोके असतील. "पण मी विचारलं नव्हतं, सर. न विचारता रेघ ओढली."

मॅडमने मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. सर पेशंटच्या कानाशी वाकले. "मावशी, सुबह प्रेशर की गोली ली?"

"सूनला इचार," ती पुटपुटली. "ती देते."

मी धावत बाहेर गेले. सून बाकावर चपला काढून, पाय वर घेऊन बसली होती. मला बघून उठलीच.

"सासूला आज बीपीची गोळी दिलीस का?"

"दिली ना. पाच वाजता. दोन दिली."

"दोन?"

"मागचे टायमाला बीपी वाढला म्हणून तुम्हीच घरी पाठवलं ना? परत वाढायला नको, म्हणून दोन. पाणी एकच घोट दिला, बाय, खरंच. उपाशीच हाय ती."

तिला वाटलं, मी पाण्यावरून ओरडणार.

आत येऊन मी सांगितलं, "पहाटे पाचला. दोन."

"मॅडम, पोट उघडू नका," सर म्हणाले. "मला पाच मिनिटं द्या. रक्तवाहिन्या आवळायचा शरीराचा एक रस्ता या गोळीने बंद केलाय. मेफेंटरमीन शरीरातलाच नॉरअॅड्रेनलीनचा साठा बाहेर काढतं, तो इथे पुरत नाही. नॉरअॅड्रेनलीन बाहेरून थेट देऊ या."

"पाच," मॅडम म्हणाल्या. "सहाव्याला मी सुरी घेणार. आणि गोळी घेतली म्हणजे रक्त जात नसेलच, असं नाही."

त्यांचं बरोबर होतं. मी औषध भरून पंपाला लावलं. पंप थेंबाथेंबाने ढकलत राहिला. एकोणऐंशी. ब्याऐंशी. मॅडम खालचा कापूस पुन्हा पुन्हा पाहत होत्या. पुन्हा एकोणऐंशी. सरांनी पंपाचा वेग वाढवला. एक्याण्णव. कपाळावरचा घाम पुसायला कुणाचाच हात रिकामा नव्हता. सत्त्याण्णव. पाचव्या मिनिटाला एकशे तीन, आणि नाडी उतरायला लागली.

"बाय," पेशंट म्हणाली, "झाला काय?"

पोट उघडावं लागलं नाही.

नंतर हात धुताना मॅडम म्हणाल्या, "तो फॉर्म नवीन भरून टाका. पेशंट बरी आहे, दोन मिनिटांचं काम."

"नवीन नको, मॅडम. आहे त्यावरच खाली लिहिते."

"तुम्हीच अडकाल."

"अडकेन. पण उद्या हिला पुन्हा आत घ्यावं लागलं तर पुढच्या भूलवाल्याला खरं काय ते कळायला हवं."

मी लिहिलं, वेळ टाकली.

दुपारी पेशंटचं बीपी बघायला वॉर्डात गेले, तर मुलगा बायकोला धारेवर धरून होता. आई ग्लानीत होती.

"अक्कल हाय काय तुला? दोन गोळी कुणी सांगितली? डॉक्टरने बंद सांगितलेली मला."

"तुला सांगितली. तू मला सांगितली काय?"

"आईला मारली असतीस आज!"

मला बीपी बघून निघून जाता आलं असतं. तेवढंच माझं काम होतं.

"ओरडू नका," मी त्याला म्हणाले. "सकाळी प्रत्येक पेशंटला गोळीबद्दल विचारायचं काम माझं असतं. मी विचारलं नाही. हिला सांगायचं काम तुमचं होतं, तुम्ही सांगितलं नाही. हिला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर हिने केलं."

तो माझ्याकडे वळला. "म्हंजे चूक तुमची?"

"हो."

"लिहून द्याल?"

"लिहिलंय."

"वाचून दाखवा."

मी फाइल आणली आणि उभ्यानेच वाचलं. "आज घेतलेल्या गोळ्यांबद्दल पेशंटला विचारले नाही. न विचारता 'नाही' अशी खूण केली. पहाटे पाच वाजता बीपीच्या दोन गोळ्या घेतल्याचे ऑपरेशन चालू असताना नातेवाइकांकडून कळले." खाली वेळ आणि माझी सही.

मुलाने वाकून सही बघितली.

"परत वाचा," सून म्हणाली.

मी परत वाचलं.