बसमध्ये नखं पुसणारा

अवं पोरी, जवळ सरक, अन् मी बोलून राहिली तर तो मोबाईल ठेव खाली.

गोंदियाहून अर्जुनी मोरगावले जाणाऱ्या बसमध्ये माझ्या बाजूला एक तरुण बसला होता. मुंबईहून घरी चालला होता. कापसानं एकेका नखाचा लाल रंग पुसत होता.

"काऊन पुसतोस गा? चांगला तर दिसते."

"बाबानं पाह्यलं तर घरात घेणार नाही, आजी. ज्यांचं मन पोरींवर बसत नाही, अशा आमच्यासारख्या पोरांसाठी मुंबईत एक केंद्र आहे. तिथले डॉक्टर नीट बोलतात. शनिवारी आम्ही सारे नाचतो. लग्नाचं कोणी विचारत नाही."

दहावं नख पुसून त्यानं हात मांडीखाली दडवले.

उतरताना मी त्याले म्हटलं, "गोंदियाजवळ मुर्रीत मी एकटीच राहते. पुढच्या खेपेला गोंदियाले उतरला का जसा असशील तसाच आधी माझ्याकडं ये. लवकर ये, बापा."