फ्लेक्स फोडून आलेला लव्हाळा

वडशाच्या आमच्या घरापुढे मी हौसेनं हिरवळ लावली आणि तिच्यात लव्हाळ्याचं तण शिरलं. आज उपटावा, तर चौथ्या दिवशी तिथंच दोन कोंब हजर. माझं डोकंच फिरलं. मागच्या हिवाळ्यातल्या नाटकाचं मोठं फ्लेक्स आणून मापात कापलं, अख्ख्या हिरवळीवर अंथरलं, कडेनं विटा ठेवल्या आणि म्हटलं, मर आता अंधारात!

तीन आठवड्यांनी पाहते, तर फ्लेक्सवरच्या खलनायकाच्या कपाळातून एक हिरवं टोक वर आलेलं. जे फ्लेक्स कापताना माझी कात्री अडली होती, त्यातून हे पातं सुईसारखं आरपार! फ्लेक्स उचललं. खाली माझी हिरवळ पांढरी पडून मेली होती. लव्हाळा तेवढा ताठ उभा. मी लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन खणत गेले. मुळाला गाठ, गाठीला दोरा, पुन्हा गाठ. कोपरापर्यंत हात गेला, तरी दोरा संपेना.

जन्मभर धानाचं निंदण केलेल्या शेजारच्या बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "किती खनशीन वं? तुह्या घराच्या आधीपासून आहे तो इथी."

संध्याकाळी सवयीनं पाइप घेऊन उभी राहिले. पाणी घालावं असं जिवंत अंगणात तेवढंच उरलं होतं. घातलं.