पद्माकरच्या पाठीशी बेचा पाढा

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमधल्या पद्माकरला दोन गोष्टी मनापासून आवडतात: जेवण आणि भाषण. जेवायला लोक त्याच्या शेजारी आनंदाने बसतात. भाषणाला तो उभा राहिला की मात्र निम्म्या लोकांना एकदम महत्त्वाचे फोन येतात. एका गणपतीत त्याच्या आभारप्रदर्शनात प्रसादाचा शिरा गार झाला, तेव्हापासून मंडळी माईक लपवूनच ठेवतात.

त्याच्या ऑफिसातला हेमी न्यूझीलंडचा माओरी. त्याने आम्हा चार मराठी घरांना हांगीला, म्हणजे जमिनीत पुरून शिजवलेल्या जेवणाला, बोलावलं. क्लबच्या मैदानात रीतसर परवानगी काढून (सिंगापुरात खड्डासुद्धा परवानगीशिवाय पडत नाही) खड्डा खणलेला. त्यात तापलेले दगड, त्यांवर मटण, कोंबडी, रताळी, भोपळा, मग ओली पोती आणि वरून माती. वासाने आमचे जीव कासावीस झाले होते.

"जेवणाआधी एक रीत आहे," हेमी म्हणाला. "माझ्या आईने तुमचं स्वागत केलं. आता तुमच्यातल्या एकाने उत्तर द्यायचं. तो बोलला की त्याच्या माणसांनी उठून त्याच्या पाठीशी गायचं. कुणीच उठलं नाही, तर त्याचं बोलणं पोरकं राहतं."

पद्माकर उभा राहिलासुद्धा!

"बाबा, नको ना लाह!" लेक गार्गी तिच्या सिंगापुरी लकबीत कुजबुजली.

"अहो, थोडक्यात," नीतावहिनींनी शर्ट ओढला.

पद्माकर वाईचा. त्याने कृष्णेचं नाव घेतलं, मग आईचं. ती चुलीच्या निखाऱ्यात रताळी पुरायची, आणि शाळेतून आल्यावर राख झटकून त्याच्या हातावर ठेवायची. "आज तोच वास आला," तो म्हणाला, आणि तिथेच थांबला. त्याच्या आयुष्यातलं पहिलं छोटं भाषण ते!

त्याने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे. एकालाही कुठलंच गाणं पहिल्या ओळीपुढे येईना. हेमीची आई वाट बघत होती. पद्माकरचा चेहरा उतरत चालला.

तेवढ्यात गार्गी ताडकन उठली आणि खणखणीत सुरात म्हणाली, "बे एके बे!"

शाळेच्या बसची वाट पाहताना बाबाने तिच्याकडून रोज घोटून घेतलेला, तिला अजिबात न आवडणारा पाढा! आम्ही धडाधड उठलो. "बे दुणे चार!" "बे चोक आठ"ला हेमीची मंडळी पाय आपटू लागली, आणि "बे दाहे वीस" म्हणेपर्यंत मैदान दणाणलं. इतक्या ताठ मानेने बेचा पाढा आम्ही शाळेतही म्हटला नव्हता.

"अर्थ काय याचा?" म्हातारीने विचारलं.

"टू टाइम्स टेबल, आंटी," गार्गीने खरं ते सांगून टाकलं.

म्हातारी पोट धरून हसली. "तुला कुणी शिकवला?"

"बाबांनी. त्यांना आजीने."

"मग गाणंच झालं की ते!" तिने पद्माकरला जवळ ओढून माओरी रीतीने त्याच्या नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवलं.

 जेवताना पद्माकर हातावर रताळं घेऊन नुसता लेकीकडे बघत राहिला.

परतताना एमआरटीच्या गाडीत गार्गी म्हणाली, "बाबा, तीनचा पण शिकवा. तुम्ही परत बोलणार, आय नो लाह."