लाल रॅम, हिरवी रॅम

शेजारच्या काकू शनिवारी देवाला न्यायच्या तेलाची बाटली भरतात, तो वास सावेडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये शिरतो आणि माझं डोकं फिरतं. कॉलेजात असताना मी मामांकडे राहायचो. शनिदेवाच्या धाकानं त्यांच्या गावात घरांना दारंच नाहीत, नुसत्या चौकटी. तिथल्या पुढच्या खोलीत मी एकेक पार्ट नगरहून आणून कॉम्प्युटर जोडला होता. एका दुपारी तो सुरूच होईना, नुसता टूं टूं करत बसला. कॅबिनेट उघडून बघतो तर रॅमची लाल पट्टी गायब! "मामा, चोरी झाली!" मी ओरडलो. मामांनी आधी रस्त्याकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. "हळू बोल. आपल्या गावात चोरी व्हत न्हाई. तूच कुठंतरी ठिवली असशील." वर मला दंडाला धरून देवापुढे नेलं आणि गावावर खोटा आळ घेतला म्हणून तेल वाहायला लावलं. पुढच्या आठवड्यात मामा नगरला जाऊन आले आणि म्हणाले, "ही बघ, कपाटामागं पडली हुती." त्यांच्या तळहातावर कोरी करकरीत हिरवी पट्टी. "माझी लाल होती," मी म्हणालो. "चालती का न्हाई ते बघ." चालली. पण नवी रॅम मागितली होती कुणी? "व्हय, नेली कुणीतरी," एवढं त्यांनी माझ्या कानात म्हटलं असतं तरी पुरलं असतं. भाच्याची वस्तू देवानं कशी परत दिली, हे मामा अजून पाहुण्यांना सांगतात. पाहुणे हात जोडतात आणि मी दात आवळून मान डोलावतो.