अष्टमीचा समुद्र

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी रविवारी कुठे जायचं ते अनंतकृष्णमामा ठरवतात. खालच्या मजल्यावर राहतात, बँकेतून रिटायर झालेत, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी. सहा वर्षांपूर्वी बाबांच्या नोकरीसाठी आम्ही नाशिकहून आलो तेव्हा इथलं पहिलं मराठी मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. जुनं, तमिळ हेल असलेलं, 'सगळे' न म्हणता 'अस्के' म्हणणारं.

त्यांच्याकडे एक वही आहे. कुठल्या तळ्याला पायऱ्या आहेत, कुठे काठालाच खोल आहे, कुठे सावली, कुठे बायकांसाठी धड बाथरूम. कोणी सांगितलं म्हणून ते काही लिहीत नाहीत, आधी एकटे बसने जाऊन बघून येतात. समुद्राचं मात्र पंचांग बघून. समुद्राला उगाच शिवायचं नाही, अमावास्या, ग्रहण, असं काही पर्व असेल तरच. बाकी दिवशी तळं. आणि पर्व रविवारी येणार कितीदा? आलं तरी पाऊस नाहीतर कुणाची परीक्षा. म्हणून सहा वर्षं आम्ही तळीच बघितली. मी एकदा चिडून म्हटलं, मामा, समुद्र साठ किलोमीटरवर आहे हो.

"तो कुठे जातोय?" ते म्हणाले.

तेव्हा विद्यालक्ष्मीमामी, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणाल्या, "तो नाही जाणार. मी जाईन."

मामींचं वर्षभर डायलिसिस चालू होतं. मंगळ, गुरू, शनी. दिवसाला किती पाणी प्यायचं तेही डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, स्टीलच्या एका लोट्यात सकाळीच काढून ठेवायच्या आणि दिवसभर त्याच्याकडे बघायच्या. मग हृदयही थकलंय म्हणाले. काही महिने. त्यानंतर मामींनी एकच मागितलं, समुद्रात पाय बुडवायचेत.

मामांनी पंचांग काढलं. रविवारी अमावास्या होती. मला वाटलं सुटलो.

चेन्नईजवळच्याच कोवलमला पोचलो तर ही गर्दी, अमावास्येचं तर्पण करायला आलेली, आणि लाटा माणसाएवढ्या. पाणी होड्यांपर्यंत येऊन वाळू परत ओढून नेत होतं. मामींची व्हीलचेअर वाळूत रुतली ती हलेचना. मामा तिच्यापुढे नुसते उभे राहिले. एक मासेवाली बाई टोपली उतरवून तमिळमध्ये म्हणाली, "साहेब, अमावास्येला समुद्र असाच चढतो. अशा माणसाला आज कोणी आणतं का? अष्टमीला आणा, तेव्हा पाणी निवांत असतं."

मामी पाय न भिजवता परत आल्या. गाडीत मी रडले, पण खिडकीकडे तोंड करून.

तुम्हाला अष्टमीचं माहीत नसेल तर सांगते, इकडे ती अशुभ मानतात. मामा अष्टमीला नवा पेनसुद्धा उघडत नाहीत. माझी कॉलेजची फी अष्टमीला भरली म्हणून त्यांनी बाबांना दोन दिवस ऐकवलं होतं. आणि आता अष्टमीला निघायचं, तेही ज्या दिवशी समुद्राला शिवायचंच नाही अशा दिवशी.

मामा पाचव्या दिवशी आमच्याकडे वर आले.

"यामिनी, सोमवारी कॉलेज आहे का?"

"नाही," मी म्हटलं. होतं.

"अष्टमी आहे," ते म्हणाले. बाबांनी वर बघितलं.

सोमवारी पहाटे गाडी आली तर ड्रायव्हरच म्हणाला, "सार, आज अष्टमी. नक्की निघायचं ना?"

"निघा हो," मामी मागून म्हणाल्या, "यांचा विचार बदलायच्या आत."

कोवलमला आठ वाजले होते. पाणी खरंच निवांत होतं. तीच मासेवाली होती, तिने होडीवरच्या दोघांना हाक मारली आणि त्यांनी मामींना खुर्चीसकट उचलून ओल्या वाळूवर ठेवलं. मी त्यांच्या चपला काढल्या. पाय इतके सुजलेले की पट्ट्यांचे वळ उमटले होते. पहिली लाट आली ती घोट्यापर्यंत आली आणि गेली. दुसरी आली तेव्हा मामींनी बोटं हलवली.

मामा मागे, कोरड्या वाळूवर, धोतर वर धरून.

"या की पुढे," मामी म्हणाल्या.

"आज शिवू नये."

"माझ्याबरोबर पाप लागलं तर माझ्या नावावर टाका. मी आधी जात्ये, सांगेन तिथे."

मामा हसले नाहीत. चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि येऊन मामींच्या खुर्चीशेजारी पाण्यात उभे राहिले. मामींचा हात त्यांच्या मनगटावर होता. आम्ही तासभर थांबलो, ऊन चढेपर्यंत.

मामी पाच आठवड्यांनी गेल्या.

परवा बिल्डिंगमधल्या एका काकूंना आईला घेऊन समुद्रावर जायचं होतं, त्यांच्या आईला चालता येत नाही. मामांनी मला वही काढायला सांगितली. कोवलमच्या पानावर 'अमावास्या' लिहिलेलं होतं, त्यावर एक सरळ रेघ. खाली त्यांच्या बारीक अक्षरात: अष्टमी. सकाळी आठ. लाट घोट्यापर्यंत. खुर्ची वाळूत रुतते, उचलायला दोन माणसं लागतात.

मी वाचून दाखवलं.

"हेच सांग त्यांना," मामा म्हणाले, "आणि म्हणावं, पर्वाची वाट बघू नका."