पंगतीतून उठताना

शेजारी पूजेचं जेवण होतं. जमिनीवर बसून पंगत झाली. जेवण उरकल्यावर मी उठले, पण शेजारी बसलेली माझी नात मनू उठेना. चौदा वर्षांची मुलगी, एक हात गुडघ्यावर, दुसरा जमिनीवर. शेवटी म्हणाली, "आजी, हात दे."

वाढणारी शेजारीण म्हणाली, "काय गं मने, आजीचे गुडघे तुला बसवलेत का?" सगळ्या हसल्या, मनूही हसली. मला हसू आलं नाही. गेल्याच महिन्यात डॉक्टर म्हणाले होते की हिची साखर आत्ताच वाढायला लागली आहे.

हे माझ्यामुळेच झालं आहे. मी सातव्या वर्षापासून डोक्यावर हंडे वाहिले, म्हणून हिला तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. माझ्या ताटात शिळी भाकरी असायची, म्हणून हिने भाकरी बाजूला सारली की मी बिस्किटांचा पुडा फोडायचे. कष्ट काढून घेतले की सुख उरतं, एवढंच मला कळत होतं. आता उशीर झाला का, हे डॉक्टरांना विचारायचीही भीती वाटते.

आज सकाळी तिच्या हातात ज्वारीचा डबा दिला. "गिरणीवर जाऊन ये. चालत."

"बाबा गाडीवरून आणतील ना!"

"तू आण."

ती निघाली. विजेच्या खांबापाशीच डबा ठेवून मटकन बसली आणि वळून माझ्याकडे बघायला लागली. माझे पाय निघालेच होते. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिले.