भ्यामावशी

भ्यामावशीइतकं उघडपणे घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. लिफ्टला ती घाबरायची, कुकरच्या शिट्टीला घाबरायची, आणि स्टेशनवरच्या सरकत्या जिन्याजवळ गेली की माझा दंड असा धरायची की बोटं उमटायची. तिचं खरं नाव सगुणा. पण ती जालन्याकडची, आणि दर दोन वाक्यांनंतर "मला भ्या वाटतं बाई" म्हणायची, म्हणून घणसोली गावातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी तिला हे नाव चिकटवलं. तिला त्याचा राग नव्हता. "खरंच तर हाय," म्हणायची.

ती आणि माझी आई पावणे एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. आमच्या खोल्या एकाच मजल्यावर, मधे फक्त पाण्याचं पिंप. मावशीचा नवरा वारलेला, मूलबाळ नाही. माझे वडील गेल्यावर आईला प्रार्थनेला पहिल्यांदा तिनंच नेलं. एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आमची छोटी मंडळी जमायची. आमचे पास्टर वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. लॉकडाऊनमध्ये तांदळाची पोती खांद्यावर घेऊन ते आमचा अंधारा जिना चढले होते. म्हणूनच त्यांचा शब्द आईला मोडवत नसे.

बाकीचे लोक मोठमोठ्या शब्दांत प्रार्थना करायचे. मावशीची प्रार्थना म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडायचा असला की माझा हात धरून म्हणायची, "प्रभू, हायस ना? मग हितंच उभा राहा, हलू नको." एवढं म्हणूनही पाऊल उचलायची नाही. दुसरी माणसं ओलांडायला लागली की त्यांच्या आडोशानं निघायची. मी हसायचे. "प्रभू आहे ना सोबत, मग घाबरतेस कशाला?"

"त्यो हाय म्हणून रस्त्यापस्तोर आले," ती म्हणायची. "नायतर घरातच बसले आसते."

मी कॉलेजला असताना मला फिट येऊ लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी नेमानं घेत होते आणि बरीच सावरले होते. एका रविवारी पास्टरांनी मला सगळ्यांसमोर पुढे बोलावलं. हा आजार नाही, यामागे दुष्ट आत्मा आहे, असं ते म्हणाले. मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, "ताई, तुमचा विश्वास नक्की कोणावर आहे? प्रभूवर की गोळ्यांवर?" सगळा हॉल बघत असताना आई काय बोलणार? घरी आल्यावर तिनं गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता आपली परीक्षा आहे बाळा. डगमगायचं नाही."

त्यानंतरचे सगळे दिवस स्वतःला जपण्यात गेले. मी गॅसजवळ जात नव्हते. मोरीला कडी लावत नव्हते. जिना उतरताना पाठ भिंतीला लावून एकेक पायरी उतरायचे. फिट यायच्या आधी मला रबर जळल्याचा वास यायचा. गोळ्या बंद झाल्यावर मी दिवसभर तो वासच शोधत असायचे, आणि शेजारच्या गॅरेजमधून खरंच तसा वास आला की जमिनीवर बसकण मारायचे. दुसरी भीती त्याहून मोठी होती. खरंच कोणी माझ्या आत असेल तर? आरशात बघायचंही मी सोडलं.

मावशीनं मला पिंपाजवळ गाठलं. "गोळ्या बंद केल्या व्हय?"

"हो. तुला काय वाटतं मावशी?"

"मला काय कळतंय? पास्टर म्हणतेत म्हंजे आसंल. पर मला लई भ्या वाटतंय लेकरा."

ज्या रविवारी ते घडलं त्यातलं मला थोडंच आठवतं. गाणी चालू होती, रबराचा वास आला, आणि मी आईचा पदर धरला. पुढचं आईनं नंतर सांगितलं. मी खाली पडले. पास्टर धावत आले, मंडळीतल्या दोघांनी माझे हातपाय दाबून धरले, आणि पास्टर माझ्या मानेवर हात रोवून ओरडू लागले, "बाहेर नीघ! हिला सोड!" सगळी मंडळी मोठ्यानं प्रार्थना करू लागली. फिट थांबेना. माझे ओठ काळेनिळे पडले. आई जागीच गोठली होती.

तेव्हा मागून मावशी उठली. पास्टरांनी तिला बघितलं आणि ओरडले, "कोणी मधे येऊ नका! आता जो हिला हात लावेल त्याच्यात तो शिरेल!"

आई म्हणते, मावशी तिथंच थांबली. हे मी सांगितलंच पाहिजे, कारण नंतर लोक म्हणाले की तिचा पास्टरांवर विश्वासच नव्हता. तिचा होता. हात लावला तर सैतान आपल्या अंगात येणार हे तिला तितकंच खरं वाटत होतं, जितकं समोरून येणारा ट्रक आपल्याला उडवेल हे वाटायचं. ती रडायला लागली, आणि रडत रडतच पुढे आली. "शिरू द्या माझ्यात," ती म्हणाली. "पर लेकराला सोडा, तिला शास घेता येईना." तिनं पास्टरांचा हात माझ्या मानेवरून ओढून काढला, मला कुशीवर वळवलं आणि माझ्यावर ओणवी होऊन आईला हाक मारली, "ऊठ बाई, रिक्षा बघ!"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. शुद्धीवर आले तेव्हा मावशी पलंगाशेजारी बसली होती. मला बरं वाटतंय का, असं तिनं विचारलं नाही. चेहरा माझ्याजवळ आणून तिनं हळूच विचारलं, "माझ्या डोळ्यांत बघ बरं. काही येगळं दिसतंय का?"

कित्येक महिने ती हे विचारत राहिली. डोकं दुखलं, हातातून भांडं निसटलं, कोणावर चिडली, की तिला वाटायचं, आला. त्यात मंडळीनं तिच्याशी बोलणं टाकलं. कंपनीतल्या आमच्याच बायका डबा घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात बसू लागल्या. एकीनं तर तिला तोंडावर सांगितलं, "तुझ्यामुळे पोरगी बरी होता होता राहिली." माझ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि आईचा आणि माझा त्या हॉलशी संबंध संपला होता. मावशी मात्र रविवारी बस पकडून वाशीच्या मोठ्या चर्चला जाऊ लागली. तिथं कोणी ओळखीचं नव्हतं, त्याचीही तिला धास्ती. दरवाजाजवळच्या शेवटच्या बाकावर बसून परत यायची.

मी तिच्यावर चिडले. "तुला अजून कसं जाववतं गं? देवाचं नाव घेत घेत माझा गळा दाबला त्यांनी."

"दाबला पास्टरनं," ती म्हणाली. "प्रभू तवा माझ्याजवळ हुता. मी त्याला म्हणत हुते, तू हो म्होरं. त्यो मला म्हणत हुता, तू हो." "मला मान्सांचं लई भ्या वाटतं. त्यालाबी सोडलं तर मी कुणाला धरू?"

पुढे तिची छाती अधू झाली, कंपनीचं काम होईना, आणि भावानं तिला गावी बोलावलं. निघायच्या आदल्या रविवारी ती माझ्या दारात आली. "पास्टरला भेटून येऊ. न बोलता गेले तर जिवाला घोर लागंल. तू चल, मला एकटीला जायचं भ्या वाटतं." मला तर तो जिना चढताना घाम फुटला. हॉल रिकामा होत होता. पास्टर खुर्च्या आवरत होते. आम्हाला बघून ते तसेच उभे राहिले. केस पिकले होते त्यांचे.

"सलाम पास्टर," मावशी म्हणाली. "गावाला चालले. माझ्यासाठी प्रार्थना करा. पर पोरीच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

पास्टरांची मान खाली गेली. त्यांनी हात मागे बांधले, डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात प्रार्थना सुरू केली. मध्येच त्यांचा आवाज अडखळला, पुन्हा सुरू झाला. मी डोळे मिटले नाहीत, त्यांच्या हातांवर नजर ठेवून होते. मग शेजारी बघितलं. मावशीचेही डोळे टक्क उघडे होते, आणि तीही त्यांच्या हातांकडेच बघत होती. पण "आमेन" तिनं खणखणीत म्हटलं.

खाली रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "मनापास्नं केली का गं त्यानं?"

"मला नाही माहीत."

"मलाबी न्हाई," ती म्हणाली. "ऐकणाऱ्याला ठावं."

वर्षभरात गावाहून तिच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेली म्हणे. आई आणि मी दफनाला पोचेपर्यंत माती लोटून झाली होती. परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी वाशीच्या त्या चर्चला गेले. दरवाजाजवळच्या बाकावर बसले, मावशी बसायची तिथंच. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी डोळे उघडे ठेवले आणि बसून राहिले.